प्रकरण एकविसावं : हाकांची दुपार

मुंजाबाच्या कपाळावरची आठी त्या रविवारी दुपारी सुटली. घरात सगळ्यांत आधी ते वच्छलाबाईनं पाहिलं.

पोटातली गाठ स्वादुपिंडाची आहे आणि आता कापून उपयोग नाही, असं डॉक्टरांनी दिवाळीच्या आधी सांगितलं होतं. तेव्हापासून ती आठी तिथंच होती, झोपेतही आणि घास गिळतानाही. आज कपाळ लहान लेकरासारखं मोकळं झालं होतं. शहरातल्या पुंडलिकनगरात, त्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत माघाचं ऊन खिडकीतून तिरपं आलं होतं आणि पलंगावरच्या काळ्या घोंगडीवर पडलं होतं. उन्हात लोकरीचे बारीक तंतू वर जात होते, खाली येत होते. वच्छलाबाई पायथ्याशी बसून ते पाहत राहिली. तिला वाटलं, आपण खोलीत नाही, गावी, पिशोरच्या वरच्या माळावर आहोत. कळप बसलाय, दुपार झालीय, आणि कुणाला कुठं जायची घाई नाही.

सकाळी मुलगा अजिनाथ आंघोळीला गेल्यावर तिनं नवऱ्याला गुळाच्या खड्यात घालून काळी गोळी दिली होती, बाजरीच्या दाण्याएवढी. गेले अठरा दिवस ती हेच करत होती. मग तव्यावर घोंगडीची घडी गरम करून तिनं त्याची पाठ शेकली होती. दुखणं पोटातून पाठीत निघायचं, आणि पाठीला ऊब लागली की त्याला बरं वाटायचं. पाठीवर डाव्या अंगाला एक चौकोनी पारदर्शक पट्टी चिकटवलेली तिला दिसली होती. सून सोनिया कंबर धरली की लावते तसली काही तरी असेल, असं समजून तिनं पट्टीवरही चांगला शेक दिला. गरम घडी तिथंच ठेवली, थंड झाली की बदलली. तीनदा बदलली.

तिच्या सासूनं तिला शिकवलं होतं, अफू धान्यानं मोजायची. रानोमाळ चालायचं असलं आणि पाठीवरचं पोर रडून जीव काढत असलं की राळ्याच्या बारक्या दाण्याएवढी. म्हाताऱ्याच्या गुडघ्याला बाजरीएवढी. ज्वारीएवढी कुणालाच नाही. सासू निजामाच्या राज्यातली. तिच्या वेळी कन्नडच्या बाजारात अफूचं दुकान राजरोस होतं. वच्छलाबाईला आता ती दीर सांडूकडून मागवावी लागली. सांडूनं धुळे रोडच्या एका ढाब्यावर कुण्या ट्रकवाल्याला गाठलं आणि बोराएवढी गोटी तिच्या पानाच्या चंचीत आणून टाकली. कुणाला सांगू नको, असं दोघांनीही एकमेकांना सांगितलं.

पुसाच्या महिन्यात एकदा मुंजाबानं तिचा हात धरून म्हटलं होतं, "बाजरी बाजरी काय करती? आख्खी दे एकदाच." ती बघू म्हणाली. त्यानं हात सोडला नाही. मग ती देईन म्हणाली. ही गोष्ट सांडूलाही ठाऊक नव्हती.

*

नात प्रांजली दीड वाजता ड्यूटीवरून आली. चप्पल काढता काढता तिनं आत डोकावलं आणि ती तशीच उभी राहिली. ती एका खासगी दवाखान्यात नर्स होती. झोपलेला माणूस आणि बुडत चाललेला माणूस यातला फरक तिला दारातून कळायचा.

तिनं आजोबांच्या छातीकडे पाहून मनात मोजलं. मिनिटाला सात. डोळ्याची पापणी वर केली, बाहुली सुईच्या टोकाएवढी. पाठीखाली हात घातला तर पट्टी गरम लागली. तिनं ती ओरबाडून काढली, ओल्या फडक्यानं जागा पुसली, आणि आजीकडे न बघता विचारलं, "शेक कुणी दिला?"

"मी दिला. रोजच देते."

"यावर?"

"पट्टीच तर हाय. बामाची."

"ती बामाची नाही गं आजी." प्रांजली खाली बसली. पट्टीतलं औषध कातडीतून थेंबाथेंबानं तीन दिवस आत जायचं असतं, ऊब लागली तर तीन दिवसांचं काही तासांत जातं, हे तिनं आजीला सांगितलं. पण बाहुली बघून तिला अजून काही तरी खटकत होतं. एवढ्या पट्टीनं एवढं व्हायला नको होतं. "आजी, खरं सांग. दुसरं काय दिलंस?"

वच्छलाबाईनं कमरेची चंची सोडली. सुपारीच्या खांडांत काळी गोटी होती, एका बाजूनं खरवडलेली. प्रांजलीनं ती नाकाशी नेली आणि डोळे मिटले.

मग तिनंही आपलं सांगितलं. पट्टी डॉक्टरांनी लिहून दिलेली नव्हती. वॉर्डातला एक पेशंट बुधवारी वारला, त्याच्या ड्रॉवरमध्ये न उघडलेली एक राहिली होती. नियमानं ती परत करून सही घ्यायची असते. तिनं ती पर्समध्ये टाकली. आज पहाटे ड्यूटीला जाताना आबा कण्हत होते, तेव्हा लावली.

दोघींनी एकाच माणसावर एकमेकींना चोरून माया केली होती, आणि ती माया आता त्याच्या छातीवर बसली होती.

"आबा, श्वास घ्या," प्रांजली त्याच्या कानाशी म्हणाली. छाती वर आली. खाली गेली. मग थांबली. "आबा, श्वास घ्या." पुन्हा वर आली.

हाक दिली की घेतो, नाही दिली की विसरतो. ते पाहून वच्छलाबाईला कसलीशी भूल पडल्यासारखं झालं.

*

अजिनाथ जेवून बाहेरच्या खोलीत आडवा झाला होता. सांडूकाका सकाळच्या एस.टी.नं पिशोरहून आला होता, तो तिथंच जमिनीवर बसून टीव्ही बघत होता. प्रांजलीनं दोघांना आत बोलावलं, सोनियालाही हाक मारली, आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

अजिनाथनं आधी ॲम्ब्युलन्सचा नंबर काढला. प्रांजली म्हणाली की तिनं डॉक्टर अभयना फोन केलाय. हे डॉक्टर असाध्य दुखण्याच्या माणसांना घरी जाऊन बघायचे, दोनदा येऊन गेले होते. ते सिल्लोडच्या शिबिरात होते, निघाले होते, दोन तास लागतील. येताना उतारा आणतो म्हणाले. तोवर आबांजवळून कुणी हलायचं नाही, हाका मारत राहायच्या. श्वास मिनिटाला सहाच्या खाली गेले किंवा ओठ निळे पडले तर मात्र वाट न बघता दवाखान्यात न्यायचं.

"आन तोवर बघत बसायचं?" अजिनाथ म्हणाला. "आत्ता नेऊ."

"आबांनी डॉक्टरांचा हात धरून सांगितलंय पप्पा, मला परत तिथं नेऊ नका. तुमच्या समोर सांगितलंय."

"माणूस दुखण्यात काहीही बोलतं."

त्याला दवाखान्याची भीती नव्हती, तिथं जे विचारतील त्याची होती. काय दिलं, कुणी दिलं, कुठून आणलं. मग पोलीस. मुलीची नोकरी. चुलत्याच्या हातात बेडी. हे सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं, आणि आपण बापाचा विचार करतोय की घराचा, हे त्याचं त्याला कळेना. तो सांडूवर घसरला.

"काका, तुम्ही माझ्या घरात अफू आणली."

"आणली," सांडू म्हणाला. "तुझ्या बापाला आणली. तू काय आणलं?"

तेव्हा सोनिया बोलली. ती सासऱ्यासमोर आणि चुलतसासऱ्यासमोर फारसं बोलायची नाही, पण आज ती दाराला टेकून उभी होती आणि तिचा आवाज नेहमीसारखा सरळ होता. डॉक्टरांनी नोव्हेंबरातच मॉर्फीनच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, ती नवऱ्याला म्हणाली. कागद अजून कपाटात आहे. तुम्हीच म्हणाला होता, नशेची गोळी आहे, बाबांना लत लागेल. "त्यांना लत लागायला किती दिवस राहिलेत, ते मी तेव्हाच विचारणार होते. विचारलं नाही. ते माझं चुकलं."

प्रांजली मधून मधून म्हणत होती, "आबा, श्वास घ्या," आणि छाती वर येत होती.

सांडू पलंगाजवळ गेला. भावाच्या कपाळाकडे त्यानं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "एक सांगू का, कोणी रागावू नका. हाका मारू नका आता. बघा तोंड. दिवाळीपासून असं दिसलं का?"

"काका," अजिनाथ म्हणाला.

सांडूनं हातानं त्याला थांबवलं. औट्रम घाट उतरून खानदेशात जाताना एखादं मेंढरू वाटेत बसायचं, तो सांगू लागला. अजिनाथ शाळेत होता, त्यानं ते पाहिलं नव्हतं. आपल्या कळपाचं जनावर आपल्या हातानं मारायचं नाही, असा त्यांच्या घराचा नेम होता. पण बसलेलं मेंढरू ओढायचंही नाही. ओढलं तर ते चार पावलं चालतं आणि पुन्हा बसतं, पाय तेवढे सोलून निघतात. कळप पुढं जायचा.

"तेवढंच सांगू नका भाऊजी," वच्छलाबाई म्हणाली. "कळप पुढं जायचा, आन एक माणूस मागं बसायचं. मी बसलेय चार वेळा. कावळे डोळ्यावर येतात. ते हाकलीत बसायचं, संपेपर्यंत. कवा कवा दिवसभर."

"मग तेच म्हणतो मी. बसू जवळ. हाकलू कावळे. उठवू नका."

"पण ते मेंढरू आपलं आपण बसलेलं असतं," प्रांजली म्हणाली. "आबा बसले नाहीत, सांडूआबा. आम्ही बसवलंय. मी आणि आजीनं." तिनं आबांचा हात धरला. "उद्या, परवा, आठ दिवसांनी ते त्यांच्या दुखण्यानं गेले तर मी एक हाक मारणार नाही. पण माझ्या पट्टीनं नको."

सांडू खाली बसला. त्यानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. अजिनाथनं फोन खिशात घातला. थोड्या वेळापूर्वी तो मुलीवर ओरडायच्या बेतात होता, आणि आता तिच्याच बाजूला जाऊन बसला.

पाळ्या लावायचं ठरलं. एकाच आवाजाची सवय झाली की माणूस ऐकेनासा होतो, असं प्रांजली म्हणाली.

*

सोनियाची पाळी पहिली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, पण सासऱ्याशी सलग चार वाक्यं बोलायची तिला सवय नव्हती. "मामंजी, श्वास घ्या," ती म्हणाली, आणि पुढं काय म्हणावं ते सुचेना, म्हणून स्वयंपाकाचं सांगू लागली. आज मेथी केलीय. श्वास घ्या. तुम्ही मीठ कमी म्हणता, म्हणून जास्त घातलं, तर तुमचा मुलगा खारट म्हणाला. श्वास घ्या. मी दोघांचं ऐकून ऐकून कंटाळले.

सांडूनं हाक मारलीच नाही. त्यानं जीभ टाळूला लावून टक् टक् वाजवलं, मेंढरं चालती करायला वाजवतात तसं. छाती लगेच वर आली, पहिल्यापेक्षा मोठी. सांडू हसला, मग त्याला हसू आवरेना, मग डोळ्यांतून पाणी आलं. "बघा, मेंढरू नाय म्हनत होता तुमी," तो म्हणाला.

मग अजिनाथची पाळी आली. बापाशी काय बोलायचं? तो वाळूजच्या कंपनीत लागल्यापासून दोघं तब्येत आणि पाऊसपाणी एवढंच बोलत आले होते. शेवटी त्यानं सतराचा पाढा सुरू केला.

तो तिसरीत होता तेव्हा बाप मेंढरांच्या वाड्यावरून महिन्यातून एकदा गावात यायचा आणि अंधार पडायच्या आत पाढे म्हणून घ्यायचा. बापाला एकही पाढा येत नव्हता, त्याला अक्षर येत नव्हतं. पण म्हणण्याची चाल त्याच्या कानात बसली होती. आकडा चुकला की पोराचा आवाज अडखळायचा, आणि बाप लगेच म्हणायचा, मागं ये. मेंढरू चुकलं.

"सतरा एके सतरा," अजिनाथ म्हणाला. छाती वर आली. "सतरा दुणे चौतीस." खाली गेली, थांबली, वर आली.

*

चाल सुरू झाली तसा कळप उठला.

मुंजाबा पुढं होता. खांद्यावर काठी, काठीवर दोन्ही हात. घाटात धुकं होतं, पण थंडी नव्हती, आणि पायाखाली दगड नव्हते, गुळगुळीत पांढरी फरशी होती. फरशीवरून मेंढरं चालत होती आणि त्यांच्या खुरांचा आवाज होत नव्हता. ती एका दारातून आत यायची आणि भिंतीतून बाहेर जायची. खिडकीत तुरीचं शेत होतं. कुणाची तरी आई तिथं ओढणीत पोर बांधून उभी होती, पोर झोपलेलं होतं, आणि ते पोर आपण आहोत हे त्याला माहीत होतं, त्याचं त्याला नवल वाटत नव्हतं.

पोटात काही नव्हतं. गाठ नव्हती, भूकही नव्हती. पोटाच्या जागी नुसतं ऊन होतं.

मागून कुणीतरी मोजत होतं. सतरा सक. सतरा साते. आवाज मोठ्या माणसाचा होता आणि चाल पोराची. त्या चालीवर पाय पडत होते. मध्येच कुणी मिठाचं बोलायचं, कुणी टाळू वाजवायचं. मुंजाबाला ते आवडत नव्हतं आणि आवडतही होतं. कळप घेऊन पुढं निघालेल्या माणसाला गावातली माणसं वेशीपर्यंत बोलत बोलत येतात, तसं ते होतं. वेस आली की ती थांबतील. खाली खानदेश निळा दिसत होता.

*

तीन वाजले. श्वास आठवर आले, नऊवर आले. प्रांजली पहिल्यांदा पाणी प्यायली. डॉक्टरांचा फोन आला, ते शहरात शिरले होते आणि त्यांना गल्ली सापडत नव्हती. प्रांजली चौकात उभी राहायला गेली. अजिनाथ गाडी लावायला जागा करायची म्हणून खाली उतरला. सांडू बिडी ओढायला गॅलरीत गेला. सोनिया चहाचं आधण ठेवत होती. पाळी वच्छलाबाईची होती.

खोलीत ती दोघंच राहिली.

ती म्हणाली, "श्वास घ्या." त्यानं घेतला. ऊन आता घोंगडीवरून सरकून त्याच्या हनुवटीवर आलं होतं. तोंड इतकं शांत होतं की तिला लग्नातलं तोंड आठवलं. तेव्हा तो वीस वर्षांचा होता आणि अंतरपाटामागं उभ्या उभ्या त्याला झोप आली होती.

मी देईन म्हणाले होते, तिला वाटलं. हातात हात देऊन म्हणाले होते. आख्खी गोटी मी कधीच देऊ शकले नसते. पण आता काही द्यायचंच नाही. नुसतं बोलायचं नाही.

ती बोलली नाही.

त्यानं आपला आपण एक श्वास घेतला, उशिरा. खोलीत इतकं गप्प होतं की चहाच्या पातेल्यात पाणी खदखदलेलं ऐकू आलं. मग त्यानं दुसरा घेतला, अजून उशिरा, अगदी उथळ. दुसऱ्यानंतर छाती खाली गेली ती खालीच राहिली. वच्छलाबाई वाट बघत होती. कशाची, तिसऱ्या श्वासाची की तो न येण्याची, हे तिला सांगता आलं नसतं. लोकरीचे तंतू उन्हात जागच्या जागी थांबलेत असं तिला दिसलं. ओठांच्या कडेला सावली आल्यासारखी वाटली.

"मी गोटी देईन म्हनले होते," ती मोठ्यानं म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "देत नाय. आयकलं का? देत नाय मी. माझ्यानं होत नाय. श्वास घ्या. घ्या म्हनते ना."

तिनं त्याचा खांदा धरून हलवला. छातीत काही तरी अडकून सुटल्यासारखं झालं, आणि त्यानं श्वास घेतला, लांब आणि खरखरीत, पाण्यातून वर आलेल्या माणसासारखा. ती बोलत राहिली. काय बोलली ते तिला नंतर आठवलं नाही. सोनिया चहाचा कप घेऊन दारात आली, तेव्हा सासू अजून बोलतच होती, आणि मामंजींच्या कपाळावर आठी परत आली होती.

*

डॉक्टर अभय साडेतीनला आले. त्यांनी उताऱ्याचं औषध थेंबाथेंबानं शिरेत दिलं, एकदम दिलं तर सगळं दुखणं एकदम उसळून येईल म्हणाले. तासाभरानं मुंजाबानं डोळे उघडले. डॉक्टरांनी मग बाहेरच्या खोलीत सगळ्यांना बसवलं. ते रागावले नाहीत, हे अजिनाथला जास्त लागलं. मॉर्फीन उद्या मी स्वतः मिळवून देतो, ते म्हणाले, नीट मापानं दिलं तर माणूस दुखण्याशिवाय जागा राहतो, आणि याच्यासाठी कुणाला चोरी करायची गरज नव्हती. जास्त देऊन संपवणं मी करणार नाही, ते कायद्यातही बसत नाही आणि माझ्याच्यानं होणारही नाही. पण मशीनवर ठेवू नका, ओढून धरू नका, हे बाबांना शुद्धीवर असताना लिहून ठेवता येतं. दोन साक्षीदार आणि नोटरी लागतो. उरलेली गोटी प्रांजलीनं त्यांच्या देखत संडासात टाकून वर दोन बादल्या पाणी ओतलं. पट्टीचं काय, असं तिनं विचारलं. उद्या वॉर्डच्या सिस्टरला तू स्वतः सांग, ते म्हणाले. पुढं काय होईल ते मला सांगता येत नाही.

"सांगते," प्रांजली म्हणाली. अजिनाथनं मान वर केली. नको म्हणायचं त्याच्या ओठांवर आलं, पण तो म्हणाला, "मी येतो बरोबर."

डॉक्टर गेल्यावर सगळे पुन्हा आत जमले. बाहेर दिवे लागायची वेळ होती. मुंजाबा डोळे मिटून पडला होता, झोपला होता की नाही कळत नव्हतं. अजिनाथ आईजवळ खाली बसला. त्यानं फरशीवर बोटानं रेघा ओढल्या.

"आई, एक विचारू? पट्टीवर शेक दिला तो चुकूनच ना?"

सांडूनं त्याच्याकडे रागानं पाहिलं. पण वच्छलाबाईला राग आला नाही. हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून ती दुपारपासून थांबली होती असं तिला वाटलं.

"शेक चुकून दिला," ती म्हणाली. "अफू जानून दिली, दुखू नाय म्हनून. आन मधी तुमी सगळे भाईर गेलते, तवा मी गप बसले. ते चुकून नाय."

प्रांजलीनं आजीकडे पाहिलं. सोनियानं हातातला कप खाली ठेवला. मग पलंगावरून आवाज आला, बारीक आणि कोरडा.

"किती टाइम?"

"दोन श्वास," वच्छलाबाई म्हणाली. "तिसरा तुमी घेतला नाय."

"मग?"

"मग मला राहवलं नाय."

मुंजाबानं डोळे उघडले नाहीत. "गोटी देत नाय म्हनलीस. ते आयकू आलं."

"राग आला?"

"आला." तो दम खायला थांबला. दुखणं परत पाठीत शिरत होतं, ते सगळ्यांना त्याच्या बोटांवरून दिसत होतं. "आदी लई बरं चाललं होतं. तुमी समदे बोलत होते, कळप चालत होता. मग तू गप झालीस. अन् कळपच दिसंना. कुठं बी कोनी नाय. लई सुनं वाटलं मला."

अजिनाथनं बापाचा पाय धरला. मुंजाबानं पाय काढून घेतला नाही.

"डाक्टरचा कागद करा. अंगठा देतो," तो म्हणाला. "मिशीनवर घालायचं नाय, वढायचं नाय. गोटी बी नको आता. पर वच्छले, तू गप बसू नको. बोलत ऱ्हा. बोलता बोलता गेलो तर जाऊ दे, कोनी धरू नका."

"काय बोलू?"

"कायबी."

वच्छलाबाईनं पदरानं नाक पुसलं आणि पलंगाच्या कडेला सरकून बसली. तुमच्या बहिणीनं सिल्लोडच्या लग्नात माझं लुगडं कसं हातात धरून सगळ्या बायांना दाखवलं होतं, ती म्हणाली, ते तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. आता सांगते. आधी तिनं मला पाटावरून उठवलं. मग म्हणाली, वैनी, हे लुगडं कुठल्या पेठेतलं?

"खोटं," मुंजाबा म्हणाला. "ती तसं म्हनली नसंल."

"तुमी व्हते का तिथं? गप आयका," वच्छलाबाई म्हणाली, आणि पुढचं सांगू लागली.